ज्वाळेवांचून अग्नि

चुलींतला अग्नि बोलका होता. ज्वाळा, धूर आणि आधणाचा खदखदाट यांनीं तो घरच्या मंडळींस आधींच सावध करी. हल्लींचा अग्नि मुका आहे.

मागें चैत्रांत पिंपळे सौदागर येथील आमच्या बिऱ्हाडीं आम्हीं कॉफीसाठीं पेलाभर पाणी मायक्रोवेव्हमध्यें तापविलें. बुडबुडा एकही दिसेना, म्हणून तें कोमटच समजून आम्हीं पूड टाकिली. तोंच सारें पाणी उसळून आमच्या हातावर आलें. नात शेजारींच उभी होती. तिचा चेहरा थोडक्यांत वांचला.

पाणी १०० अंशांस उकळतें, हें आम्हीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोकवून घेतलें. परंतु गुळगुळीत पेल्यांतील निश्चल पाणी त्यापुढेंही न उकळतां तापत राहतें, आणि आंत कांहीं पडतांच एकदम उसळतें. यासाठीं पेल्यांत आधींच लांकडी चमचा ठेवावा, पाणी बेतानेंच तापवावें व बाहेर काढण्यापूर्वीं अर्धें मिनिट थांबावें. धातूचें भांडें किंवा घट्ट झांकणाचा डबा आंत ठेवूं नये. इंडक्शनच्या शेगडीवरही ज्वाळा नसते. तथापि भांडें उचलल्यावर त्याच्या तापानें तिची कांच बराच वेळ पोळते.

आम्ही तूप मागत होतों. सूनबाईंनीं न ऐकतां आमचा हात २० मिनिटें नळाच्या वाहत्या पाण्याखालीं धरविला. फोड आला, पण वण राहिला नाहीं. भाजल्यावर तूप वा दंतमंजन चोळूं नये, हा धडा आम्हांस उतारवयांत सुनेकडून मिळाला. तो वाचकांस सांगण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं.