जरा अलीकडे टाका!

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन चालत नाही म्हणतात. पण उखळी तोफेवर बसलेल्या माणसानं मुसळापेक्षा टेहळ्याला भ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी निवृत्तीनंतर संगणकावर युद्ध खेळून, पूर्ण शुद्धीवर असताना बनवलेलं आहे.

ज्यांना हा उद्योग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०१३ साली आलेला 'आर्मा ३' किंवा २०२० साली पूर्ण होऊन बाहेर पडलेला 'स्क्वाड' हे खेळ म्हणजे नुसती ठो-ठो नव्हे. 'स्क्वाड'मध्ये एकेका बाजूला पन्नासेक माणसं असतात आणि ती एकमेकांशी बोलत लढतात. निदान बोलतात तरी. तोफवाला टेकडीच्या मागे. त्याला शत्रू दिसत नाही. टेहळ्या पुढे झुडपात. त्याला सगळं दिसतं, पण त्याच्याकडे तोफ नाही. आंधळ्या-पांगळ्याची जुनीच जोडी. फरक इतकाच, की इथला पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसून "तिकडे! अहो, तिकडे!" एवढंच ओरडतो.

"काका, टाका!"

"कुठं?"

"ते काय, घराजवळ!"

नकाशावर घरं चाळीस. गोळा पडतो एकोणचाळिसाव्यावर. मग "जरा अलीकडे". आता मला सांगा, 'जरा' म्हणजे किती? आमटीत जरा मीठ, जरा वेळ थांबा, जरा पैसे हवे होते – यातला नेमका कुठला जरा? आणि अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे? त्याच्या की माझ्या? तो शत्रूच्या पलीकडच्या अंगाला लपलेला असला, तर त्याचं अलीकडे ते माझं पलीकडे, त्याचं डावं ते माझं उजवं. खऱ्या तोफखान्यात याची सोय केलेली असते. टेहळ्या आपण कुठल्या दिशेला पाहतोय ते आधी सांगतो, आणि त्याचं डावं-उजवं तोफेच्या हिशेबात बसवायला वेगळी माणसं असतात. आमच्याकडे तो सगळा विभाग म्हणजे मी.

यावर उपाय आपल्या आज्यांना माहीत होता. उगवतीचा बांध, मावळतीची पडवी! उगवत कुणाकडे पाठ करून उभं राहिलं तरी बदलत नाही. "उत्तरेला पन्नास मीटर" असं सांगितलं, की दोघांची उत्तर एकच. पण होकायंत्र पडद्यावर समोर असताना आमचा टेहळ्या म्हणतो, "काका, थोडं माझ्याकडे घ्या." घेतलं. तो गेला. शिव्या मला!

आकड्यांचीही तीच तऱ्हा. 'स्क्वाड'च्या नकाशावर ३०० मीटरचा चौकोन, त्याचे नऊ भाग, त्या भागाचे पुन्हा नऊ. आकडे संगणकाच्या कळफलकाप्रमाणे, म्हणजे सात-आठ-नऊ वरच्या ओळीत. टेलिफोनवर मात्र एक-दोन-तीन वर. टेहळ्याच्या डोक्यात टेलिफोन असला, की त्याचा 'सात' थेट २०० मीटर खाली उतरतो. म्हणून नुसतं सात नको, 'सात, वरचा डावा' म्हणा. दोन शब्द जास्त लागतात, ट्रंक कॉलचे पैसे पडत नाहीत!

आणि ते "परत!" ऐकू आलं नाही तरी परत, गोळा आवडला तरी परत. अमेरिकी तोफखान्यात 'रिपीट' हा शब्द 'तसेच गोळे पुन्हा टाका' यासाठीच राखून ठेवलाय. नुसतं ऐकू आलं नसेल तर 'से अगेन' म्हणायचं. आमच्या एका टेहळ्यानं ऐकू आलं नाही म्हणून "परत, परत" केलं आणि शेजारच्या तोफवाल्यानं मनापासून परत-परत केलं. नंतर बराच वेळ त्या बाजूनं कुणाचाच आवाज आला नाही.

यावर शहाणे म्हणतात, "गणकयंत्र वापरा की!" अहो, वापरतो. ५० मीटरला १५७९ मिल, १२५० मीटरला ८०० मिल. नळी जितकी उभी, तितका गोळा जवळ, हे सगळं यंत्र बिनचूक सांगतं. पण चुकीच्या घराचं बिनचूक अंतर घेऊन मी काय करू? दुसरे म्हणतात, "खेळच तर आहे!" बरोबर, रक्त सांडत नाही. पण पाव तास ओढ्यातून सरपटत आलेला एखादा पोरगा दिवसभराच्या नोकरीनंतर त्या एका चढाईसाठी बसलेला असतो. त्याच्या डोक्यावर आपलाच गोळा पडला, तर ती संध्याकाळ खरीच वाया जाते. अमेरिकी लष्करात तर उखळी तोफेच्या लक्ष्यापासून ६०० मीटरच्या आत आपली माणसं असली, तर मागणीतच तसं बजावून सांगावं लागतं. आमच्याकडे ते गोळा हवेत असताना आठवतं, आणि हवेतला गोळा वीसेक सेकंद काही ऐकत नाही.

तोफवाल्यांनाही मी सोडणार नाही. ऐकलेला आकडा उलट म्हणून दाखवा. गोळा निघाला की "सुटला" म्हणा, पडायच्या पाच सेकंद आधी "पडतोय" म्हणा, म्हणजे टेहळ्या नेमका तेव्हा डोकं वर काढील. आणि टेहळ्यांनो, पहिला गोळा पलीकडे गेला तर पुढचा मुद्दाम अलीकडे पाडायला सांगा. मग दोहोंतलं अंतर निम्मं करा, पुन्हा निम्मं करा. नुसतं "थोडं, थोडं" करत राहिलात, तर शत्रू जेवून हात धुऊन निघून जातो.

मागणी साधी आहे. आपल्याला दिसतं ते समोरच्याला दिसत नाही, एवढं धरून बोला. कुठं, काय आहे, आपली माणसं किती जवळ, या तीन गोष्टी याच क्रमानं सांगा. हे जमत नसेल, तर तोफेवर तुम्ही या, मी झुडपात बसून "तिकडे! अहो, तिकडे!" करतो.