स्वतःच्या नावाची जागा



गेल्या मार्गशीर्षात कर्नाटकातील तीर्थक्षेत्रांच्या यात्रेसाठी नाव नोंदवावे म्हणून मी दूरध्वनी केला. यात्रेची बस नेणाऱ्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, सोबत कोण?" मी म्हणाले, "घरचे कुणी नाही. आमच्या गुरुवारच्या मंडळातील मैत्रिणी आहेत." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग नाव कुणाच्या नावाखाली लिहू?" त्यांच्या नोंदवहीत कुटुंबप्रमुखाचा एक रकाना असतो. चव्वेचाळीस वर्षे त्या रकान्यात यजमानांचे नाव होते आणि त्याखाली 'व सौ.' एवढीच माझी ओळख होती. त्या दिवशी मी माझे स्वतःचे नाव सांगितले. सांगताना आवाज थोडा कापला, हे कबूल करते.

यजमानांना जाऊन आता चार वर्षे झाली. घरात मला काही उणे नाही. मुलगा गुणी आहे, सून मनाने मोठी आहे, नातवंडे जवळ येऊन बसतात. पहाटेचे सामायिक, मंदिरातील पूजन, अष्टमी-चतुर्दशीचे नियम यांत सकाळ सरते. दहा वाजता मुलगा दुकानात जातो, मुले शाळेत जातात आणि घर शांत होते. दुपारी दोन ते पाच हे तीन तास मात्र सरता सरत नसत. पूर्वी त्याच वेळी यजमान जेवून वर्तमानपत्र तोंडावर घेत आणि घोरू लागत. त्या घोरण्याचा मला किती राग येई! आता शांतता होती आणि झोप मात्र लागत नव्हती.

अशाच एका दुपारी शेजारच्या अक्का आल्या. सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकलेल्या, वय ऐंशीच्या पुढे, स्वतः तीस वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. त्यांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. हातात सुई-दोरा आणि कापडाचा तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, "माझी नजर पुरत नाही. एवढी दुमड घालून दे." दुमड घातली, तर दुसऱ्या दिवशी आणखी चार तुकडे आले. त्या गुरुवारी त्या मला मंदिराच्या स्वाध्याय भवनात घेऊन गेल्या. तेव्हापासून माझा गुरुवार चुकलेला नाही.

तेथे आम्ही अकरा जणी असतो, त्यांतील सात विधवा. आपापल्या दुकानांतील तागे संपत आले की उरणारे कटपीस आम्ही आणतो. त्यांतून पोथ्यांची वेष्टने, पाणी गाळण्याची छन्नी आणि बाजाराच्या पिशव्या शिवतो. ज्यांना क्रोशा येतो त्या कडा विणतात. वेष्टनासाठी सुती कापडच घ्यायचे, रेशीम नाही, हा अक्कांचा दंडक आहे. ज्या वस्त्रासाठी कोशातील जीव उकळून मारावे लागतात, ते जिनवाणीभोवती कसे गुंडाळायचे? दशलक्षण पर्वात मंदिराबाहेर या वस्तूंची विक्री होते. निम्मे उत्पन्न दानात जाते आणि निम्मे आम्ही वाटून घेतो. तेथे कुणी कुणाला 'बिचारी' म्हणत नाही. टीप वाकडी गेली, तर ती उसवायला मात्र निःसंकोच सांगतात.

या मंडळातच यात्रेची कल्पना निघाली. मी घरी सांगितले, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, बसने कशाला? तुझे गुडघे, तुझी साखर. मी स्वतंत्र गाडी करून देतो." मी म्हटले, "गाडीत मागच्या आसनावर एकटी बसून मी कुणाशी बोलू?" मग त्याच्या मनातले बाहेर आले. एवढे दुकान असून आईला बसने पाठवले, असे लोक म्हणतील. तो चुकीचे बोलला असे मी म्हणणार नाही. व्यापारी घराची पत आईच्या आसनावरूनही मोजली जाते, हे मीही जाणते.

खरी अडचण पुढे होती. यात्रेचे शुल्क १४,००० रुपये होते आणि दोन वर्षांच्या शिवणकामातून माझ्याजवळ ६,२०० साठले होते. उरलेले मागावे लागणार होते. मागितले असते तर दुप्पट मिळाले असते, पण मागताना कारण सांगावे लागले असते. त्या रात्री मला एक जुना दिवस आठवला. यजमान गेल्यानंतर दीड महिन्याने दुकानाचे कर्जखाते मुलाच्या नावे करायचे म्हणून काही कागद आले. मी सह्या केल्या, माझ्या मुलीनेही केल्या. त्या कागदांत हक्कसोडपत्र होते. मुलाच्या मनात कपट नव्हते, आजही नाही. पण मी ते वाचले नाही आणि मला वाचून दाखवावे, असे कुणालाही सुचले नाही.

शेवटी अक्कांनी मला उरलेले पैसे उसने दिले. मुलाला ते कळले तेव्हा तो दुखावला. निरोप देताना दोघेही कमी बोललो.

बस पहाटे निघाली. कडक भाकरी, लसणाविना केलेली शेंगाची चटणी आणि मुगाचे लाडू यांचे डबे विजापूर येण्याआधीच उघडले गेले. हातातील कामही थांबले नाही. खड्ड्यांतून टाके घालायची सवय होते. गदगच्या पुढे लक्कुंडी या लहानशा गावी आम्ही थांबलो. तेथील ब्रह्म जिनालय इ. स. १००७ मध्ये अत्तिमब्बे नावाच्या श्राविकेने बांधविले. सभामंडपात चतुर्मुख ब्रह्मा आणि पद्मावती यांच्या सुंदर मूर्ती आहेत. तेथे गर्दी नव्हती. आम्ही दगडी ओट्यावर बसलो आणि आमच्या एका शिक्षिका मैत्रिणीने अत्तिमब्बेंची कथा सांगितली.

त्या चालुक्यांचे सेनापती नागदेव यांच्या पत्नी. त्यांची धाकटी बहीण गुंडमब्बे हिचाही विवाह नागदेवांशीच झाला होता. नागदेवांच्या मृत्यूनंतर गुंडमब्बेने सहगमन केले, असे परंपरा सांगते. अत्तिमब्बे जगल्या. त्यांनी मुलाला वाढविले, व्रते पाळली आणि पुढचे सारे आयुष्य दानाला दिले. हस्तलिखितांच्या त्या काळात कवी पोन्नाच्या शांतिपुराणाच्या एक हजार ताडपत्री प्रती करवून त्यांनी त्या वाटल्या. महाकवी रन्नाने अजितपुराण रचले ते त्यांच्याच आश्रयाने. 'दानचिंतामणी' ही त्यांची उपाधी आजही टिकून आहे. कर्नाटक शासन लेखिकांना देत असलेला पुरस्कार त्यांच्याच नावाचा आहे.

कथा संपली तेव्हा अक्का एवढेच म्हणाल्या, "हजार पोथ्या वाटायच्या तर तिजोरीची किल्ली आपल्या कमरेला हवी." सगळ्या हसल्या. मला हसू आले नाही. तेथूनच मी मुलाला दूरध्वनी केला आणि पाठीमागे दिसणाऱ्या जिनालयाविषयी सांगत राहिले. त्याने विचारले, "औषध घेतलेस ना?" आमचा अबोला असा संपला.

श्रवणबेळगोळला मी दुसऱ्यांदा जात होते. पहिल्यांदा १९९३ च्या महामस्तकाभिषेकाला यजमानांबरोबर गेले होते. तेव्हाच्या आठवणीत बाहुबली फार थोडे आहेत. मुलांचे हात, पिशव्यांची मोजणी, गर्दीत पुढे चाललेली यजमानांची पाठ, एवढेच आठवते. या वेळी विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या मी डोलीतून चढले आणि वर गेल्यावर सुमारे तासभर स्वस्थ बसले. एकाच शिळेतून घडविलेली ५७ फुटांची ती मूर्ती, अंगावर चढलेल्या वेली, पायांशी वारुळे आणि मराठीतील अतिप्राचीन लेखांपैकी एक मानला जाणारा तो कोरीव लेख, हे सारे मी जणू प्रथमच पाहिले. मनाला फार प्रसन्न वाटले. आणि त्याच क्षणी धस्स झाले. ते नसताना मला इतके बरे वाटावे? डोळे भरून आले ते दर्शनाने की अपराधी वाटल्याने, मला सांगता येणार नाही. शेजारच्या मैत्रिणीने काही विचारले नाही. तिने फक्त पाण्याची बाटली पुढे केली. तीही विधवा आहे.

त्या मूर्तीची जन्मकथा आपणांस ठाऊक आहे. सेनापती चामुंडराय यांच्या मातेला, काललदेवीला, पोदनपूरच्या बाहुबलींच्या दर्शनाची ओढ लागली. मातेची इच्छा पुरविण्यासाठी पुत्र यात्रेला निघाला आणि त्यातून दहाव्या शतकाच्या अखेरीस ही मूर्ती उभी राहिली, असे आख्यायिका सांगते. एका वृद्ध आईला यात्रेला जावेसे वाटले आणि मुलाने ते मनावर घेतले, एवढीच या कथेची सुरुवात आहे.

पुढे घाट उतरून वेणूर, मूडबिद्री आणि कार्कळ झाले. मूडबिद्रीत आम्ही आमची बारा वेष्टने अर्पण केली. धवला, जयधवला या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके याच गावाने सांभाळल्या. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून १९३९ पासून धवला छापून प्रसिद्ध होऊ लागली, त्यामागे या गावाचा तो सांभाळ आहे. ग्रंथ टिकतात ते विद्वानांमुळे, तसेच ते कापडात बांधून ठेवणाऱ्या हातांमुळेही टिकतात, असे त्या दिवशी वाटले.

परतीच्या वाटेवर माझ्या मनात अक्कांचे ते वाक्य घोळत होते. आपण श्राविकांना दानाचा उपदेश करतो, परिग्रहपरिमाणाचे व्रत देतो. पण जिच्या नावावर काहीच नाही, तिने परिमाण कशाचे करायचे? जे आपले नाही त्याचा त्याग होत नाही, आणि मुलाच्या खिशातून दिलेले दान हे मुलाचे दान असते. वृद्ध विधवेला आपण अन्न, औषध आणि आदर देतो. ही मोठी गोष्ट आहे. पण देण्याचा आणि सोडण्याचा अधिकारही तिला हवा, कारण श्राविकेचे अर्धे धर्माचरण त्यावरच उभे आहे.

कायदाही हेच सांगतो. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपणां जैनांना लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पतीच्या संपत्तीत विधवेला मुलामुलींच्या बरोबरीचा वाटा मिळतो आणि त्यावर तिची पूर्ण मालकी असते. दुकान एकत्र ठेवण्यासाठी हक्कसोडपत्र करावे लागत असेल, तर ते तिला वाचून दाखवावे, विचार करण्यास वेळ द्यावा, आणि सही करण्यापूर्वी तिच्या एकटीच्या नावे काही रक्कम ठेवावी. भगिनींनो, दुःखाच्या दिवसांत कुठल्याही कागदावर घाईने सही करू नका. चांगल्या घरात तर मुळीच करू नका, कारण तेथे नंतर विचारण्याचीही लाज वाटते.

बसने जाऊ इच्छिणाऱ्या ज्येष्ठ भगिनींसाठी चार अनुभवाच्या गोष्टी सांगते. आसन बसच्या पुढच्या भागात मागावे, मागे धक्के फार बसतात. प्रत्येक थांब्यावर उतरून थोडे चालावे, नाहीतर पाय सुजतात. सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी मिळेल ना, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. मधुमेह असून रात्रीभोजनत्याग असेल, तर औषधाच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात, कारण रात्रीची पोकळी मोठी असते. डोंगर सकाळी लवकर चढावा. दुपारी अनवाणी पायांना दगड पोळतो, तेव्हा पायमोजे जवळ ठेवावेत. डोलीत बसण्याचा संकोच करू नये.

मी घरी परतले तेव्हा मुलगा बसथांब्यावर उभा होता. आठ दिवसांनी मी त्याला अत्तिमब्बेंची कथा सांगितली आणि हक्कसोडपत्राचा विषयही काढला. तो व्यापारी आहे. उपदेशापेक्षा त्याला हिशेब लवकर कळतो. दोन दिवस तो काही बोलला नाही. मग एके सायंकाळी बँकेचे पासबुक माझ्यापुढे ठेवले. माझ्या एकटीच्या नावे ठेव केली होती आणि तिचे व्याज दरमहा माझ्या खात्यात यायचे होते. सोडलेला हक्क परत आला असे नाही, तो येणारही नाही. पण पहिल्या व्याजातून मी अक्कांचे उसने फेडले. दुसऱ्या महिन्याचे कुठे गेले, ते मी घरात सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. दिवसातून तीनदा औषधाची चौकशी मात्र चालूच आहे.

येत्या माघात आमचे मंडळ कुंथलगिरीला जाणार आहे. या वेळी नोंदवही स्वाध्याय भवनातच आली होती. अक्कांना आता अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांचे नाव मी लिहिले. त्याखाली दुसऱ्या ओळीत माझे लिहिले. 'सोबत' या रकान्यात दोघींनी एकमेकींची नावे घातली.

जय जिनेंद्र.