मेलेली माणसं मोजली, माती कोण तपासणार?

२० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यातल्या सोनेगाव (आबाजी) शिवारात, पुलगाव दारूगोळा भांडाराच्या मैदानावर, जुना दारूगोळा नष्ट करायच्या कामात स्फोट झाला. ६ जण गेले. त्यात आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. उडवलेल्या दारूगोळ्याचं पितळ-लोखंड वेचायला गरीब माणसं तिथे जात, हेही तेव्हा छापून आलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत आणखी ८ कामगार गेले. दर वेळी तेच होतं. मृतांचा आकडा, मदतीची घोषणा, चौकशी समिती आणि मग शांतता. त्या मातीचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

दारूगोळा अर्धवट फुटला की उरलेला टीएनटी, आरडीएक्स मातीत पसरतो. दोघांच्या चाली वेगळ्या. टीएनटी चिकणमातीला धरून बसतो आणि झाडाच्या मुळांत अडकतो. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की मुळाच्या पेशीतलं एक विकर टीएनटीला इलेक्ट्रॉन देतं, टीएनटी तो ऑक्सिजनला देऊन पुन्हा पहिल्यासारखा होतो, आणि हे चक्र चालूच राहतं. त्यातून पेशी जाळणारा ऑक्सिजन तयार होतो, मूळ खुंटतं. आरडीएक्स मातीत थांबत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर भूजलात उतरतो, झाडाने शोषला तर पानापर्यंत चढतो. म्हणजे चाऱ्यापर्यंत. आणि पडीक रानात शेळ्या कुणाच्या चरतात, हे तुम्हाला सांगायला नको.

अमेरिकेत केप कॉडला लष्करी मैदानाखालचं भूजल हाच लोकांच्या पिण्याचा आधार होता. तिथे १९९७ मध्ये पर्यावरण संस्थेने जिवंत दारूगोळ्याचा सराव थांबवायला लावला, पुढे वर्षानुवर्षं पाणी उपसून शुद्ध करावं लागलं. तिथे विचारणारे लोक होते. आपल्याकडे शेतकऱ्याला मृद आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात १२ तपासण्या आहेत. नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, बोरॉन सगळं आहे. टीएनटी, आरडीएक्स नाही. दारूगोळ्याच्या मैदानाला लागून ज्याचं शेत आहे, त्यालाही हीच पत्रिका.

माजलगावला बसून वर्ध्याची चिंता कशाला, असं कुणी म्हणेल. आपल्या शिवारातही सुरुंग फुटतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांना बाबासाहेबांच्या नावाच्या कृषी स्वावलंबन योजनेतून नवीन विहीर मिळते, मनरेगाच्या विहिरी वेगळ्याच. काळा पाषाण लागला की जिलेटिनच्या कांड्या आल्या. हल्लीच्या बहुतेक कांड्यांत मुख्य माल अमोनियम नायट्रेट असतो, आणि तो पाण्यात सहज विरघळतो. न उडालेला भाग विहिरीच्या पाण्यात नायट्रेट सोडतो. लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट पिण्याच्या पाण्यात नको, असं भारतीय मानक सांगतं. त्यापलीकडे ते तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद घटवतं, बाळ निळं पडतं.

अतिशयोक्ती करायची नाही. एका विहिरीच्या ब्लास्टिंगने गाव विषारी होत नाही, आपल्या पाण्यातल्या नायट्रेटचा मोठा वाटा युरियाचा आणि सांडपाण्याचा. पण नेमकी तीच पळवाट होते. काहीही सापडलं की बोट युरियाकडे, म्हणजे पुन्हा शेतकऱ्याकडेच. शिवाय न उडालेली कांडी मुरमाच्या ढिगात जाते. तो ढीग उपसायला मजूर येतात, त्यांची पोरं त्याच ढिगावर खेळतात.

महाडला १९२७ मध्ये आपण पाण्यावरचा हक्क मागितला. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात जमीन मागितली, मराठवाड्यात गायरानं कसली. हक्क मिळालेल्या त्या पाण्यात आणि जमिनीत काय आहे, हे विचारणं त्याच मागणीचा पुढचा भाग आहे. आपल्या चळवळीने तो अजून हातात घेतलेला नाही, कारण पर्यावरण हा शहरी, उच्चवर्णीय फुरसतीचा विषय आहे असं आपणही धरून चाललो. हे मला मान्य नाही. सुरुंगाचं भोक पाडणारा वडार मजूर आणि सोनेगावला पितळ वेचणारी माणसं यांच्याइतका या विषयाशी कुणाचा संबंध आहे?

वर्ध्या-भंडाऱ्यातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात मैदानालगतच्या विहिरींचे आणि मातीचे तपासणी अहवाल मागावेत. गुपित दारूगोळ्याचं असेल, प्यायच्या पाण्याचं नसतं. आपण इथे एवढं तरी करू: नव्या विहिरीचं सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी न वापरता उपसून टाकायचं, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून नायट्रेट तपासून घ्यायचं. ब्लास्टिंग करणाऱ्याने किती कांड्या भरल्या आणि किती उडाल्या, याची नोंद ग्रामपंचायतीत द्यावी, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडायचा.