'अस्सल आदिवासी अनुभव' आणि ताटामागचे वीस रुपये

बरेच शनिवार काही लिहिणं झालं नाही. आधी रिलीज, मग रिलीजनंतरचे बग... नेहमीचंच रडगाणं. पण आज मुद्दाम बसलोय. कारण परवा ऑफिसात पुन्हा विषय निघाला, "या वर्षी पण काजव्यांना जायचं ना? तूच ठरव रे, गेल्या वेळी काय मस्त डील काढली होतीस!"

तर मंडळी, त्या मस्त डीलबद्दलच लिहायचंय.

गेल्या मे महिन्याच्या शेवटी आम्ही बावीस जण नाशिकहून घोटीमार्गे कळसूबाईच्या पायथ्याकडच्या एका गावात गेलो. गाव अकोले तालुक्यातलं, म्हणजे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, पण आम्हा नाशिककरांना घरचंच. माहितीपत्रकात लिहिलं होतं : 'दुर्गम डोंगरातलं अस्पर्शित गाव. अस्सल आदिवासी अनुभव. चुलीवरचं जेवण, आदिवासी नृत्य, काजवे, आणि पहाटे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर ट्रेक.' माणशी १८०० रुपये. मी फोनवर अर्धा तास घासाघीस करून १६५० वर आणले. टीममध्ये आपली कॉलर ताठ!

आता या जाहिरातीतला एकेक शब्द घेऊ.

'अस्पर्शित'. अहो, कसलं अस्पर्शित? शेजारी भंडारदऱ्याचं धरण १९२६ पासून उभं आहे. त्याचं पाणी प्रवरेतून खाली उसाला जातं. आमच्या जिल्ह्यातलं अप्पर वैतरणा मुंबईला पाणी पाजतं. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या याच पट्ट्यातल्या कितीतरी पाड्यांवर मे महिन्यात बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला येतात, आणि ती द्राक्षं आपण खातो. या डोंगराला शहराचा हात कधीच लागलाय. इथून जे घेतलं त्याच्या बदल्यात फारसं काही वर पोचलं नाही, एवढाच काय तो 'अस्पर्शित'चा अर्थ.

'आदिवासी नृत्य'. रात्री तारपा आला. जीपमधून, जव्हारकडून! तारपा म्हणजे वाळका भोपळा आणि बांबू यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. वारली लोकांचं. आणि आम्ही बसलो होतो महादेव कोळी आणि ठाकरांच्या गावात. गावातली पोरं आमच्यासारखीच कडेला उभी राहून मोबाइलवर शूटिंग करत होती. वाजवणारे काका दमल्यावर शेजारी येऊन बसले. म्हणाले, "हे दिवस नाहीत तारप्याचे. तो भात कापणीच्या वख्ताला. पण बोलावलं, आलो." म्हणजे माणसं वेगळी, गाव वेगळं, मोसम वेगळा, पण 'आदिवासी' या एका शब्दात सगळं खपलं. उद्या कुणी दिल्लीवाल्याने 'अस्सल महाराष्ट्रीय नृत्य' म्हणून चैत्रात कोकणातल्या अंगणात गोंधळी नाचवले, तर आपण किती चिडू?

याच भागात होळीनंतर बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे घालून रात्र रात्र सोंगं नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं, हे कित्येक गावांत ठरलेलं असतं. ते गावाचं आहे, गावाच्या तिथीला होतं. पण ते शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत बसत नाही, म्हणून पॅकेजमध्ये नाही.

'काजवे'. हिरडा, बेहडा, जांभळाची झाडं नुसती पेटल्यासारखी लुकलुकत होती. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. पण ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं. ते चालतं पावसाच्या तोंडावरचे थोडे दिवस. आणि आम्ही? गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, एकाने तर फ्लॅश मारला. बोलावणंच ऐकू गेलं नाही, तर पुढच्या वर्षी काजवे येणार कुठून?

असो. आता मुद्द्याचं.

सकाळी चुलीपाशी चहा घेत होतो. नागलीच्या भाकऱ्या भाजणाऱ्या मावशींना सहज विचारलं, तुम्हाला ताटामागे किती मिळतात? त्या म्हणाल्या, "एरवी एकशेवीस. या येळेला शंभर. तुमच्याच कोन्या सायबानं रेट कमी करून घेतला म्हनं, मंग ताटामागं वीस कापले."

तो साहेब मी.

चहा घशाखाली उतरेना. मग इंजिनियर माणूस, हिशोब मांडला. आम्ही दिले ३६,३०० रुपये. मावशींना दोन जेवणांच्या ४४ ताटांचे ४,४०० (तांदूळ, पीठ, लाकडं त्यांची, राबणाऱ्या बाया तीन). तारपावाल्या सहा जणांना मिळून ३,०००. शिखरावर पुढे चालणाऱ्या वाटाड्याला ५००. एकूण ७,९००. बसचं भाडं होतं १२,०००. उरलेले १६,४०० आयोजकाचे. म्हणजे ज्यांच्या नावावर 'अनुभव' विकला, त्या सगळ्यांच्या मिळून दुपटीहून जास्त. आणि माझ्या 'मस्त डील'मधले ८८० रुपये थेट त्या चुलीतून निघाले.

आता कुणीतरी म्हणणारच, "अरे, पण त्यांना रोजगार तर मिळतो ना? नाहीतर तेही नाही." हे वाक्य मी ओळखतो. आमच्या बिलिंग रेटबद्दल कुणी तक्रार केली की मॅनेजर हेच म्हणतो! परदेशी क्लायंट येतो, तेव्हा आम्हाला कुर्ते घालून यायची मेल येते. दारात रांगोळी, कपाळाला टिळा, एकदा तर ढोल-ताशाही. क्लायंट फोटो काढतो, 'कलरफुल' म्हणतो आणि संध्याकाळी रेट पाडून मागतो. त्या दिवशी आम्ही कॅन्टीनमध्ये त्याला यथेच्छ शिव्या घालतो. मग मी कळसूबाईच्या पायथ्याशी जाऊन वेगळं काय केलं?

हे टोकाला गेलं की काय होतं, ते थायलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत दिसतं. म्यानमारमधल्या लढाईतून पळून आलेल्या, गळ्यात पितळी कडी घालणाऱ्या कायान बायकांची गावं तिथे तिकीट लावून दाखवली जातात. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने जाहीर आक्षेप घेतला, की फिनलंड आणि न्यूझीलंड आसरा द्यायला तयार असूनही यातल्या काहींना देश सोडू दिला जात नाही, आणि पर्यटनाचा धंदा हे त्यामागचं कारण असावं. आपल्याकडे एवढं झालेलं नाही. पण पाहुणा काय बघणार हे गावाने नाही, तिकीट विकणाऱ्याने ठरवायचं, ही सुरुवात तीच आहे.

मी 'जाऊ नका' म्हणत नाहीये. अकोले तालुक्यातल्याच पुरुषवाडीत कित्येक वर्षं पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरांची पाळी लागते. म्हणजे जमतं. शिवाय हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा सांगतो, की आपल्या चालीरीती, सांस्कृतिक ओळख आणि सामायिक साधनसंपत्ती राखायला ग्रामसभा सक्षम आहे. मग टूर कंपनीला विचारा ना : कार्यक्रम ग्रामसभेला विचारून ठरवला का? ताटामागे किती देता? वाटाड्याला किती? उत्तर मिळालं नाही, तर पैसे देऊ नका. आणि घासाघीस करायचीच असेल, तर आधी तुमची सूट कुणाच्या खिशातून निघणार ते विचारा.

परवा मी मावशींना थेट फोन लावला. म्हटलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, ताटाचे दर तुम्ही सांगा. त्या हसल्या. "दोनशे घेईन. पन त्या आठवड्याला नका येऊ दादा. पाऊस लागला का भाताची रोपं टाकायची, मला येळ न्हाई."

टीमला सांगितलं, त्या तारखा रद्द. दोघं-तिघं फुगलेत. "काजवे काय आपल्यासाठी थांबणार आहेत का?" एकाने विचारलं.

नाहीच थांबणार. मावशींची रोपं तरी कुठे थांबतात?