फाळ पाजविणारा हात

सक्तीची सैन्यभरती हा विषय आपणांस परका वाटतो. दोन्ही महायुद्धांत हिंदी प्रजेवर लष्करी सेवेची सक्ती कायद्याने झाली नाही. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे २५ लाखांचे सैन्यही कागदोपत्री स्वेच्छेनेच उभे राहिले. परंतु लॅटव्हियाने २०२३ मध्ये सक्ती पुन्हा आणली, आणि आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदानेही सार्वजनिक कार्यासाठी सक्तीची सेवा घेण्याची मुभा राज्यास ठेवली आहे. तेव्हा हा विचार शांततेच्या काळातच झालेला बरा.

ब्रिटनने जानेवारी १९१६ मध्ये सक्तीचा कायदा केला, त्यातच अपिलाची सोय ठेवली. स्थानिक न्यायमंडळ, त्यावर अपील मंडळ व सर्वांवर मध्यवर्ती मंडळ, अशी ती उतरंड होती. सदसद्विवेकबुद्धीने शस्त्र नाकारणाऱ्यांचा गाजावाजा फार झाला. परंतु बहुतेक अर्ज धंद्याचे व घरसंसाराचे होते. नांगऱ्यासाठी वा लोहारासाठी मालकासही अर्ज करता येई. लष्कराचा प्रतिनिधी समोर बसून विरोध करी, आणि सूट मिळालीच तर ती पुष्कळदा काही महिन्यांचीच असे.

अपिलाची वाट नसली म्हणजे काय होते, हे आपल्याच देशाने पाहिले आहे. १९१७ मध्ये फ्रान्सला धाडावयाच्या मजूरपथकांसाठी दडपण आले, तेव्हा मयूरभंजचे संथाळ व मणिपूरचे कुकी उठले. पुढे १९४० च्या वटहुकुमाने तंत्रकुशल कामगारांसाठी न्यायमंडळे नेमली खरी. पण त्यांचा हिशेब युद्धोपयोगी कारखान्यांचा होता, खेड्याचा नव्हे.

गोंदियाजवळील मुर्रीसारख्या गावाचा हिशेब मांडून पाहावा. शहरात एक कारागीर गेला तर दुसरा मिळतो. लहान गावात फाळ पाजविणारा, आज ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, हात बहुधा एकच असतो. रोवणीच्या तोंडावर तो गेला, तर केवळ एक घर नव्हे, साऱ्या गावाच्या बांध्या अडतात. सैन्यालाही धान्य लागतेच.

मात्र एकाची सूट म्हणजे दुसऱ्याची पाळी, हेही विसरून चालणार नाही. ज्याच्याजवळ ना जमीन ना हुन्नर, त्या मजुराच्या माथी सारे ओझे येऊ नये. केवळ जात वा वर्ग पाहून भेद करण्यास घटनेची बंदी आहे. म्हणून सूट कामाला असावी, कुळाला नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी न्यायमंडळ, त्यावर गावचा प्रतिनिधी, हंगामाचा विचार आणि लेखी निर्णय, एवढे ज्या कायद्यात नसेल, तो कायदा देशरक्षणाच्या नावाने आला तरी जनतेने स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.