ज्याला उद्या जाब विचारता येतो

सिल्लोडच्या मिरचीपट्ट्यात फवारणी करून आलेल्या माणसाला चक्कर आली, डोळे चुरचुरायला लागले, तर तो आधी कुणाला विचारतो? बहुतेकदा जिथून औषध आणलं त्या कृषी केंद्रवाल्याला. मग मेडिकलवाल्याला, मग भाच्याच्या मोबाइलला. उपजिल्हा रुग्णालयाची पाळी त्यानंतर. डब्यावर विषाचं नाव आणि उतारा छापलेला असतो, तो डबा डॉक्टरला दाखवायचा असतो. पण डबा बांधावरच राहतो.

याला अडाणीपणा म्हणून मोकळं होता येत नाही. माणूस हिशेबानेच वागतो. दुकानात रांग नाही, रोज बुडत नाही, कुणी खेकसत नाही आणि उत्तर लगेच मिळतं. गोची आहे ती या लगेच मिळणाऱ्या उत्तरातच.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याचं पाहा. 2024 सरताना शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, चार दिवसांत टक्कल पडू लागलं. मोबाइलवर लगेच ‘टक्कल व्हायरस’ फिरला, कुणी शाम्पूला दोष दिला. डॉक्टरांना आधी बुरशीची शंका आली, मग पाण्यातल्या नायट्रेटची. आयसीएमआरचं पथक नमुने घेऊन गेलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी शरीरात सेलेनियम जास्त असल्याचं सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. ‘यांचंच एकमत नाही, आम्ही कुणाचं ऐकायचं?’ असं वाटणं साहजिक आहे. पण नमुना तपासून मत बदलणाराच भरवशाचा. फॉरवर्ड कधी चूक ठरत नाही, कारण तो तपासायला कुणी बसत नाही आणि पाठवणारा सापडत नाही.

बावस्कर मूळचे आपल्या शेजारच्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. कोकणात त्यांनी विंचूदंशावर काम सुरू केलं, तेव्हा लोक मांत्रिकाकडे जात. प्राझोसिनच्या उपचाराने मृत्यूचं प्रमाण शेकडा 40 च्या आसपास होतं ते 1 पर्यंत खाली आलं. मांत्रिकाचं गिऱ्हाईक नुसत्या भाषणांनी तुटत नाही. दवाखान्यातून माणूस चालत घरी येताना दिसला की तुटतं.

म्हणून सल्ला ऐकण्याआधी दोन गोष्टी विचारा: सांगणारा काही विकतोय का, आणि चुकलं तर उद्या तो सापडेल का? गावातली आशाताई या कसोटीला उतरते. तिचं घर सगळ्यांना माहीत आहे. सरकारचा 104 हा सल्ल्याचा क्रमांकही आहे, पण तो किती घरांत ठाऊक आहे?

आरोग्य खात्याने लोकांना अफवांपासून दूर राहा असं सांगणं पुरे करावं. प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर कोण, कधी भेटेल ते ठळक लिहावं आणि त्या वेळेला तो माणूस तिथे बसलेला असावा.