घरची बाग : मोरवेल

वेलींची हौस आपल्या घरांतून बहुधा जाई, जुई आणि मधुमालती यांवरच थांबते. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु सह्याद्रीच्या रानांत आपोआप वाढणारी मोरवेल आपल्या अंगणांत क्वचितच दिसते, याचें आम्हांस नवल वाटतें. कित्येक ठिकाणीं हिलाच रानजाई म्हणतात. ‘क्लेमॅटिस’ या नांवानें पाश्चात्य उद्यानांत जें वेलींचें कुल गाजलें, त्यांतलीच ही. इंग्लंडांत वोकिंग येथें जॅकमन यांच्या रोपवाटिकेंत १८६२ सालीं फुललेली जांभळी संकरजात त्या देशांत घरोघर पोंचली. परंतु थंड हवेंत वाढणाऱ्या अशा जाती आपल्याकडील उन्हाळा व धोधो पाऊस यांत सहसा तग धरीत नाहींत. ज्यांना या कुलाची आवड असेल, त्यांनीं घरच्याच मोरवेलीपासून आरंभ करावा.

पावसाळा सरतां सरतां हिला पांढऱ्या फुलांचे घोस येतात. या फुलांना खऱ्या पाकळ्या नसतातच. आपण ज्यांना पाकळ्या समजतों, तीं बाहेरच्या वाटीचीं दलें होत. फुलें गळल्यावर पिसासारख्या शेंड्यांचीं फळें धरतात, आणि तीं पाहिलीं म्हणजे मोरवेल हें नांव सार्थ वाटतें.

ही वेल आधाराला खोडानें वेढा घालीत नाहीं, कीं तिला तणावेही नसतात. ती पानांच्या देठांनीं आधार धरते. चार्ल्स डार्विन यांनीं १८६५ सालीं चढणाऱ्या वनस्पतींवर लिहिलेल्या निबंधांत या देठांच्या हालचालींचें बारकाईनें वर्णन केलें आहे. इवलासा देठ जाड खांबाला कसा वेढा घालणार? म्हणून तार, सुतळी किंवा बांबूच्या बारीक कामट्या यांचा मांडव करावा.

जागा निवडतांना एवढें ध्यानांत ठेवावें, कीं शेंडा उन्हांत व मूळ गारव्यांत असावें. सकाळचें ऊन मिळेल अशी भिंत पाहून दीड हात खोल खड्डा घ्यावा. त्यांत माती, कुजलेलें शेणखत, पालापाचोळ्याचें खत व थोडी वाळू मिसळावी. रोप कुंडींत होतें त्याहून दोनतीन बोटें खोल लावावें आणि बुंध्याजवळ एखादी फरशी किंवा लहान झुडूप ठेवावें. पाणी नियमित द्यावें, पण तें साचूं देऊं नये.

मात्र ही वेल घरांतून जाते ती बहुधा पाण्यावांचून नव्हे, तर अविचारानें. फळें उडून गेलीं, पानें वाळलीं, कीं तिच्या काड्या अगदीं मेल्यासारख्या दिसतात. मग घरांतील कोणी तरी टापटिपीच्या भरांत ती समूळ उपटून टाकतें. मूळ मात्र त्या वेळीं जिवंत असतें. तेव्हां उपटूं नये. फुगीर डोळे असतील तेथवर, सुमारें हातभर उंचीवर, उन्हाळ्याच्या शेवटीं छाटावी. मोरवेल त्याच हंगामांतील नव्या फुटीवर फुलते, म्हणून ही छाटणी तिला मानवते. हिमालयांतील पांढरी ‘मोंटाना’ जात गेल्या वर्षींच्या काडीवर फुलते. तिला फुलण्यापूर्वीं छाटल्यास तो बहर बुडतो. पहिलीं एकदोन वर्षें वेल आपलीं मुळेंच भक्कम करीत असते. त्या काळांत फुलें थोडीं आलीं तरी धीर सोडूं नये.

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. हिचा रस दाहक असून त्यानें कातडीला फोड येतात. छाटणीनंतर हात स्वच्छ धुवावे, मुलांना पानें चघळूं देऊं नयेत, व कोणी औषध म्हणून सांगितलें तरी तीं घरच्या घरीं अंगास लावूं नयेत.

रोपासाठीं रानांतली वेल खणून आणणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. खणलेली वेल बहुधा जगत नाहीं, आणि रान मात्र तितकें उघडें पडतें. हिंवाळ्यांत पिकलेलीं मूठभर फळें आणून तीं ताजींच पेरावीं. उगवण सावकाश होते, म्हणून कुंडी लवकर रिकामी करूं नये. शेजारीं कोणाकडे वेल असल्यास पावसाळ्यांत तिची एक फांदी मातींत दाबून दाबकलम करावें, व मुळें धरल्यावरच तें तोडून घ्यावें. घरांतील वडील माणसांनीं हें काम मुलांच्या हातून करवावें. जें रोप मुलांनीं स्वतः उगवतांना पाहिलें, तें वाळलेलें दिसलें म्हणून तीं कोणाला सहजासहजीं उपटूं देणार नाहींत.